द्राक्षबाग आणि मुळशीचा पाऊस



भाताच्या तालुक्यात येऊन द्राक्षावर बोलणे थोडे आगाऊपणाचे वाटेल. मुळशीची ओळख आंबेमोहराची, अलीकडे इंद्रायणीची. उतारांवर नाचणी आणि वरई. द्राक्ष म्हटले की लोक नाशिकचे, तासगावचे नाव घेतात, फार तर आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगाव, बारामती, इंदापूरचे. तरीही एका स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण प्रश्न आता मुळशीच्या उंबऱ्यावर आलेला आहे. हिंजवडीपासून ताम्हिणीपर्यंत जमीन घेणाऱ्या नव्या मालकाला भात लावायचा नसतो. त्याला मांडवाला लोंबणारे घड हवे असतात, जमलेच तर शेजारी चार खोल्यांचे पर्यटनकेंद्र. जुन्या शेतकऱ्याच्याही मनात येते की इथे धरणे भरून वाहतात, पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. मग दुष्काळात टँकरने बागा जगवणाऱ्या जत-आटपाडीला जे जमले ते आपल्याला का जमू नये? माझे म्हणणे असे आहे की द्राक्षाची निगा ही मुख्यतः पानाची निगा आहे. पान सांभाळायला कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन लागते, तेही वर्षातल्या ठराविक आठवड्यांत. मुळशीत ते मिळत नाही. आणि जिथे ते हमखास मिळत होते, तिथेही आता त्याचा भरवसा उरलेला नाही. म्हणून मुळशीने द्राक्ष लावू नये एवढे सांगून मला थांबता येणार नाही. द्राक्ष पिकवणाऱ्या महाराष्ट्राने मुळशीच्या पावसाचा विचार करावा, हा माझ्या म्हणण्याचा दुसरा आणि अधिक निकडीचा भाग आहे.

द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण मुलखातली. तिकडे हिवाळ्यात तिची पाने झडतात, वेल झोपते, वसंतात फुटते, उन्हाळ्याअखेर फळ देते. पाऊस बहुधा ती झोपलेली असताना पडतो. आपल्याकडे तिला झोपवील अशी थंडी नाही. सोडून दिली तर ती बारमाही हिरवी राहते, वाढत सुटते आणि फळाच्या नावाने बोंब. महाराष्ट्राने यावर जो तोडगा काढला तो कात्रीचा आहे. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी करायची, म्हणजे ओलांड्यावर एखादा डोळा राखून सगळ्या काड्या उतरवायच्या. त्यातून नवी काडी येते, पावसाळाभर पोसते, पिकून तपकिरी होते. मग ऑक्टोबरात त्याच काडीवर फळछाटणी, जिला शेतकरी गोडी छाटणी म्हणतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करायचे. म्हणजे निसर्गाने न दिलेला हिवाळा माणसाने हाताने आणि रसायनाने घडवायचा. छाटण्या दोन, पीक एकच. वर्षातून दोनदा फळ देणाऱ्या द्राक्षवेली चौदाव्या शतकात दौलताबादेत होत्या, असे इब्न बतूताने नोंदवून ठेवले आहे. तेव्हा दख्खनमध्ये ही वेल दोनदा फुटते हे ज्ञान जुनेच. एक फूट फळासाठी आणि एक काडीसाठी, अशी वाटणी करून पावसाळ्यातल्या पिकाचा मोह सोडला, ते आधुनिक बागाईतदाराचे शहाणपण. थोडक्यात, आपले द्राक्ष हवामानाच्या मेहरबानीने आलेले नाही. पावसाला चुकवणाऱ्या एका वेळापत्रकावर ते उभे आहे.

हे वेळापत्रक जरा जवळून पाहू, कारण मुळशीचा निकाल तिथेच लागतो. खरड छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. काडीला सातेक पाने आली की शेंडा खुडतात, त्यातून बगलफूट निघते. तिला आपल्याकडे सबकेन म्हणतात. छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारी, एक मोठी घटना घडते. पुढच्या हंगामात तिथून घड निघायचा की नुसती बाळी, हे तेव्हाच ठरते. याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत पानावर लख्ख ऊन पडले, अन्नरस साठला, तर घड धरतो. आभाळ भरलेले राहिले तर डोळ्यातला घड बाळीकडे झुकतो आणि ऑक्टोबरात छाटणी करून पाहावे तर घड जिरलेले. त्यानंतर दीड-दोन महिने काडी पिकण्याचे. तेव्हा पान निरोगी हवे, कारण पुढच्या फुटीला लागणारा साठा तेच पान करते. आता हे गणित मुळशीत मांडा. एप्रिलची छाटणी म्हणजे घडनिर्मिती मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि काडीची पक्वता जुलै-ऑगस्टात. ताम्हिणीकडच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस हे नवल नाही. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. बारामतीला साऱ्या वर्षात एवढा पडला तर शेतकरी समाधान मानतो.

कोणी म्हणेल, छाटणी अलीकडे घ्या. मार्चच्या मध्याला खरड केली तर घडनिर्मिती मेच्या मध्यापर्यंत, कडकडीत उन्हात आटोपेल. हा आक्षेप खरा आहे; कागदावर तो बसतोही. पण डोळ्यात घड धरला म्हणजे काम संपत नाही. ती काडी आणि तिची पाने जूनपासून सप्टेंबरपर्यंत, चार महिने, पावसात उभी राहायची आहेत. इथे आपली गाठ केवड्याशी पडते. शेतकऱ्याच्या बोलीत डाऊनी किंवा डावणी. पानाच्या वरच्या अंगाला पिवळट, तेलकट डाग दिसतो. पान उलटे केले, विशेषतः सकाळी दव असताना, तर नेमक्या त्याच जागी पांढरी बुरशी. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. पानावर पाण्याचा पापुद्रा काही तास टिकला की ते पोहत पोहत पानाच्या खालच्या रंध्रांशी पोचतात आणि आत शिरतात. कोरड्या पानावर ते काही करू शकत नाहीत. या रोगाने १८८०च्या दशकात फ्रान्सच्या बागा झोपवल्या आणि त्यातूनच १८८५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. आजही एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे प्रमाण बागाईतदाराला तोंडपाठ असते. पण बोर्डो पानावर थर धरून बसते, तोवरच त्याचा उपयोग. काल उमललेल्या पानावर ते नसते आणि दिवसाला शंभर मिलिमीटरच्या सरीपुढे टिकत नाही. जिथे पंधरा-पंधरा दिवस पान वाळतच नाही आणि फवारणीला दोन तासांची उघडीप मिळत नाही, तिथे औषध कोणते हा प्रश्नच गौण ठरतो. केवड्यासोबत करपा येतो. ऑगस्टपर्यंत पानगळ झाली की ऑक्टोबरला छाटायची काडी कच्ची, पोकळ राहते. मुळशीत वेल मरणार नाही. ती हिरवी दिसेल, मांडव चढेल. पाहुण्यांना फोटो काढायला ती पुरेशी आहे. घडांचा हिशोब मात्र जमणार नाही.

या तर्काला नकाशा दुजोरा देतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर हा द्राक्षाचा तालुका, पण द्राक्षे नाणेघाटाकडे नाहीत, नारायणगावच्या बाजूला आहेत. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या घाटमाथ्यावर भात आहे. पूर्वेला उतरत निफाड, दिंडोरीकडे गेले की बागा दाट होतात. सांगलीत शिराळ्याला भात, तासगाव-कवठेमहांकाळला द्राक्ष. तीन जिल्हे, तीन नद्यांची खोरी, माती वेगवेगळी, पण रेघ एकच: सह्याद्रीच्या पावसाने जिथे अंग चोरले तिथून द्राक्ष सुरू होते. इगतपुरी तालुक्यातच सांजेगावला वाइनच्या द्राक्षबागा आहेत, याकडे बोट दाखवले जाईल. आहेत, पण सांजेगाव घाटाच्या तोंडावर नाही, पाऊस ओसरत जातो त्या पूर्वेच्या अंगाला आहे. शिवाय वाइनच्या द्राक्षाला मण्याची लांबी, चमक, बाजारातला देखणेपणा यांपैकी काही लागत नाही. मुळशीच्या पूर्व कडेला, माण-हिंजवडीकडे, पाऊस असाच ओसरतो. तिथे चार-दोन एकरांचा प्रयोग मी अशक्य म्हणणार नाही. तिथल्या जमिनीचा भाव पाहता तो प्रयोग शेतीचा राहील का, हे सांगायला द्राक्षतज्ज्ञ लागत नाही.

आणि पाण्याचे काय? पाणी मुबलक आहे हा मुळशीचा युक्तिवाद मला सर्वांत दुबळा वाटतो, जरी भावनेने तो समजण्यासारखा असला तरी. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही जे धरण झाले, त्याचे पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज करते. इथल्या शेताला ते मिळावे ही मागणी न्याय्यच आहे. पण द्राक्षासाठी ती करू नका. वेलीला ठिबकने मोजून पाणी लागते आणि काही अवस्थांत तर ते मुद्दाम तोडावे लागते. तासगावचे द्राक्ष दुष्काळ असूनही झाले असे आपण म्हणतो. कोरडेपणा हेच त्याचे भांडवल होते. पाणी बाहेरून आणता येते. ऊन आणता येत नाही.

यावर अलीकडचे उत्तर प्लास्टिक आच्छादनाचे. दक्षिण इटलीत मांडवावर प्लास्टिक असते, दक्षिण चीनमध्ये आणि जपानमध्ये पावसाळी मुलखात वेलीवर छत घालूनच द्राक्ष घेतात. शेजारच्या मावळात तळेगावला हरितगृहातले गुलाब होतातच, मग इथे द्राक्ष का नको? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. छताखाली पान कोरडे राहते, केवडा बराच आटोक्यात येतो, फवारण्या कमी होतात. तयार फळावर ऐन पावसाच्या तोंडी छत ओढले तर मणी तडकण्यापासूनही वाचतो. पण छत पाणी अडवते, अंधार अडवत नाही. उलट त्यात थोडी भरच घालते. ढगाळ जूनमध्ये प्लास्टिकखाली उजेड आणखी घटतो, हवा कोंदते, भुरी रोगाला हवे तसे वातावरण तयार होते. चीन-जपानमध्ये छताखाली लावतात त्या बऱ्याच जाती अमेरिकी रक्ताच्या संकरित आहेत, आपल्याकडच्या थॉमसन सीडलेससारख्या नाजूक नव्हेत. गुलाबाचे फूल तोडून विकायचे असते. पुढच्या वर्षीचे फूल आजच्या डोळ्यात धरायचे नसते. शिवाय पावसाळी वाऱ्यात घाटमाथ्यावर प्लास्टिक तगवण्याचा खर्च कोणाला परवडेल? ज्याला परवडेल त्याला द्राक्षाच्या उत्पन्नाची गरज नसते.

इथवर मुळशीचे झाले. आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले आणि नाशिकच्या बागांवर ऐन फुलोऱ्यात, पोंग्यात पाऊस कोसळला. केवड्याने घड काळे पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पाऊस लांबला आणि लवकर छाटलेल्या बागांत गळकूज झाली. बागलाणात तर डिसेंबरचा चढा भाव गाठायला जुलै-ऑगस्टात छाटणी करतात. तिथे पावसाशी जुगार नेहमीचाच, त्या वर्षी तो साफ फसला. २०२५ मध्ये मेच्या उत्तरार्धात राज्यभर पाऊस लागला, मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आणि नेमका घडनिर्मितीचा काळ ढगांत गेला. ऑक्टोबर छाटणीनंतर अनेक बागांत घडांची संख्या घटलेली दिसली. वादळ, लांबलेला परतीचा पाऊस, लवकर आलेला मॉन्सून: कारणे निराळी, पण प्रत्येक वेळी मुळशीचे हवामान काही आठवडे पूर्वेला जाऊन आले, एवढे म्हणता येईल. ज्या वेळापत्रकाने पावसाला चुकवले, त्याच्या दोन्ही टोकांवर आता पाऊस येऊन बसू लागला आहे. हे अपवाद आहेत, दर वर्षी असे होत नाही, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण द्राक्षाची बाग दहा-पंधरा वर्षांसाठी लावतात, कर्ज काढून लावतात. त्या मुदतीत दोन हंगाम गेले तर शेतकरी उठत नाही.

मग बाग इतकी हळवी का? इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे जातींची नावे पुष्कळ आहेत: तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, आणि त्यांच्या पुढच्या निवडी. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या नजरेचा हा पराक्रम आहे. बागेत हजारो काड्यांतून वेगळा घड देणारी एक काडी हेरायची, तिचे डोळे बांधून नवी जात उभी करायची, हे तासगाव आणि नान्नजच्या बागाईतदारांनी केले. परंतु या साऱ्या मूळच्या थॉमसन सीडलेसच्या उत्परिवर्तित काड्या. मणी लांबला, साल बदलली, रंग थोडा पालटला. केवड्यापुढची दुर्बलता जशीच्या तशी राहिली. नान्नजचीच काळी शरद सीडलेस दुसऱ्या घराण्यातली, पण रोगाच्या बाबतीत तीही सोशीक नाही. म्हणजे नावे विसांवर गेली तरी राज्यातल्या बहुतेक हिरव्या बागा एकाच वेलीची पिलावळ आहेत. मुळाच्या बाजूने आपण ही चूक वेळेत ओळखली. क्षारपड पाणी आणि दुष्काळाने स्वमुळांवरच्या बागा खचू लागल्या तेव्हा डॉगरिजसारख्या अमेरिकी खुंटावर कलमे करण्याची रीत गेल्या शतकाच्या अखेरीपासून झपाट्याने पसरली. युरोपने फायलोक्सेरा किडीच्या तडाख्यानंतर हेच केले होते. जमिनीखाली अमेरिकी रक्त चालते. जमिनीवर मात्र आपण ते अजून येऊ दिलेले नाही, आणि त्याची भरपाई औषधाने करतो आहोत. औषधाला मर्यादा किती, हे २०१० च्या हंगामात कळले. काडीची वाढ रोखून घडनिर्मिती साधायला वापरायच्या क्लोरमेक्वाटचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, कंटेनर अडले आणि निर्यातदार व शेतकरी दोघेही पोळले. ते संजीवक पुढच्या डोळ्यात घड धरावा म्हणून दिलेले होते. ढगाळ हवेवरचा उपाय परदेशी प्रयोगशाळेत पकडला गेला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

पुण्याजवळ या प्रश्नाचे अर्धे उत्तर तयार आहे, ही आपल्या जिल्ह्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाच्या कटावबाचा ब्यूटी सीडलेसशी संकर करून एआरआय-५१६ ही जात दिली. ती बुरशीजन्य रोगांना बरीच सोशीक आहे, ११० ते १२० दिवसांत तयार होते, रस उत्तम देते. आक्षेप लगेच येतो, आणि तो बाजाराचा आहे: मणी काळसर, बी आहे, खायला कोण घेणार? युरोपचा ग्राहक लांब, हिरवा, बिनबियांचा मणी मागतो. मान्य. ती जात थॉमसनची जागा घेईल असे मी म्हणत नाही. पण ती पालक म्हणून वापरता येते. बिनबियांची वेल मादी म्हणून वापरली तर तिच्यातले अर्धवट बी प्रयोगशाळेत भ्रूणसंवर्धनाने वाचवून वाढवावे लागते. काम वेळखाऊ आहे, अवघड आहे, पण माहीत असलेले आहे. जर्मनीत १९६७ मध्ये संकर झालेली रिजंट ही रोगसोशीक जात लागवडीला मोकळी व्हायला जवळपास तीस वर्षे लागली. म्हणजे आज सुरुवात केली तर फळ पुढची पिढी पाहील. नेमके म्हणूनच ते एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघासारखी जुनी, जागती संघटना आहे. गणेशखिंडला डॉ. चीमांच्या द्राक्षनिवडीने सुरू झालेली परंपरा आहे. परदेशी पेटंट जाती रॉयल्टी भरून आणायला माझा विरोध नाही, त्यांनी बाजार उघडला आहे. पण त्या जाती कोरड्या मुलखांत, बाजाराच्या डोळ्याने घडवलेल्या. आपल्या पावसाचा विचार कोणी तिकडे करणार नाही. रोगसोशीक रोपांची चाचणी जिथे पाऊस जास्तीत जास्त बेजार करतो तिथे व्हायला हवी. त्यासाठी मुळशीत एखादा लहान प्रयोगप्लॉट असावा, अशी माझी सूचना आहे. मुळशीत द्राक्षाला जागा आहे ती एवढीच: उत्पन्नाची बाग नव्हे, रोपांची परीक्षा घेण्याचे ठिकाण.

या डोंगरांत द्राक्षाची भावकी नाही असे नाही. रानद्राक्षाची वेल इथल्या जंगलात पावसाबरोबर कंदातून फुटते, पावसातच फळते आणि उन्हाळ्यात जमिनीखाली जाते. तिने आपले वेळापत्रक इथल्या आभाळाकडे बघून बसवले आहे. थॉमसनला ते शिकवायला एप्रिल-ऑक्टोबरची कात्री पुरणार नाही.

तेव्हा मुळशीकरांना माझे सांगणे सरळ आहे. अंगणात हौसेची एक वेल हवी असेल तर बेंगळुरू ब्लूसारखी अमेरिकी वळणाची, जाड सालीची जात लावा, वळचणीखाली जिथे पाऊस थेट लागणार नाही तिथे लावा, ऑक्टोबरात छाटा आणि मार्चात दोन-चार घड खा. एकराचा मांडव उभारू नका, विशेषतः कर्ज काढून नाही. कोणी अनुदानाची योजना घेऊन आला तर त्याला आपल्या महसूल मंडळाच्या महावेध हवामान केंद्राची मागच्या पाच वर्षांची मे ते नोव्हेंबरची पावसाची नोंद समोर ठेवायला सांगा. ती न बघता द्राक्ष सुचवणाऱ्या अधिकाऱ्याला, विक्रेत्याला किंवा सल्लागाराला चहा पाजून परत पाठवा.